रक्तातले खेकडे

ताई रोज पहाटे प्रार्थनेला बसायची आणि उठताना देवाला एकच शब्द द्यायची, की आज दिवसभर खोटं बोलणार नाही. फक्त आजच्यापुरता. जन्मभराचा शब्द द्यायला माणसाचा स्वतःवर फार भरवसा लागतो, तेवढा तिचा नव्हता. म्हणून दूध जसं रोजचं रोज ताजं घ्यावं तसा ती रोज नवा शब्द द्यायची. सतरा वर्षं हा नेम चालू होता. ताप असो, प्रवास असो, खंड पडला नव्हता. निदान त्या शुक्रवारपर्यंत तिची अशीच समजूत होती.

त्या शुक्रवारी मामा दवाखान्यात आले ते दोन्ही हात पाठीमागे लपवून.

दवाखाना बॅटरीच्या कारखान्यातला. फाटकाला लागून एक लांबोडकी खोली, दोन लोखंडी खाटा, वजनाचा काटा, डोळे धुवायचा नळ आणि काचेचं कपाट. तिथे ताई नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. कुणाला शिशाचा थेंब उडून भाजलं, कुणाच्या डोळ्यात ॲसिडचा शिंतोडा गेला, की पहिली धाव तिच्याकडे. शिवाय दर तीन महिन्यांनी ओतकाम करणाऱ्या सगळ्यांचं रक्त काढून प्रयोगशाळेत धाडायचं, हेही तिचंच काम. रक्तात शिसं किती, त्याचा आकडा यायचा. पन्नासच्या वर गेला की माणूस कढईवरून हटवायचा आणि पॅकिंगला बसवायचा, असा नियम.

"काय मामा, चोरी केलीत की काय? हात दाखवा बघू," ताई म्हणाली.

मामा हे काही कुणाचे सख्खे मामा नव्हते. कढईतल्या उकळत्या शिशावर साय धरावी तशी राखाडी मळी धरते. ती झाऱ्याने काढून टाकायचं काम ते तीस वर्षं करत होते आणि तेवढ्या काळात अख्ख्या कारखान्याचे मामा झाले होते. तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी गप्प. त्यांनी हात पुढे केले आणि ताईच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं.

तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांतून रक्त. नखांच्या कडा लाल सुजलेल्या.

"ॲसिड सांडलं?"

"नाही हो. ब्रश."

"कसला ब्रश?"

"फरशी घासायचा. तारांचा नव्हे, साधा." मामा जणू त्याबद्दल शाबासकी मिळावी अशा सुरात म्हणाले. "डॉक्टर म्हणाले ना गेल्या खेपेला. माझा आकडा एकोणपन्नास, ढब्याचा चोवीस. शेड एक, कढई एक, धूर एक. मग म्हणाले, मामा, तुमचे हात नीट धुतले जात नाहीत, त्याच हातांनी जेवता, शिसं पोटात जातं. मी म्हटलं, असेल. तेव्हापासून घासतोय. जेवायच्या आधी दोनदा, चहाच्या आधी दोनदा, घरी गेलो की बादलीभर पाणी घेऊन. बायको म्हणते, आता हाडं लागतील हाताला. बुधवारी परत रक्त आहे, सिस्टर. या वेळी खाली येईल ना हो?"

ताईने कापसाने भेगा पुसल्या, मलम लावलं, पट्टी गुंडाळली. पट्टी गुंडाळताना तिने मान वर केली नाही.

कारण ज्याचा आकडा चोवीस होता तो ओतारी म्हणजे तिचा पाठचा भाऊ. आणि चोवीस का होता हे जगात तिघांनाच ठाऊक होतं.

लहानपणी तो इतका गुबगुबीत होता की त्याचं नाव ढब्या पडलं. पुढे अंगावरचं मांस गेलं, गालफडं बसली, तरी नाव गेलं नाही. कारखान्यातही तो ढब्याच. बॅटरीच्या आत शिशाच्या पातळ जाळ्या असतात, त्या साच्यात ओतायचं काम तो करायचा, आणि असा करायचा की नवी माणसं बघत उभी राहत. पळी कढईत बुडवली, वर काढली, मनगट एकदाच वळवलं की साचा काठोकाठ. एक थेंब कमी नाही, एक थेंब बाहेर नाही. "मनगटात घड्याळ आहे रे तुझ्या," मामा म्हणायचे. ढब्याला दुसरी कुठलीच गोष्ट धड येत नव्हती आणि ही एक अशी येत होती की बाकीच्यांची गरजच पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोटात अशी कळ आली की तो घरात जमिनीवर लोळला. ताईने त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. रक्तात शिसं अठ्ठ्याहत्तर निघालं; कारखान्यात तेव्हा रक्त तपासायचा नियम नव्हता. पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं. तिथल्या डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. त्यांनी पाण्याच्या ग्लासात बोटं घालून दाखवलं, "हे औषध म्हणजे नांग्या असलेले खेकडे समजा. रक्तात सोडले की शिशाचा कण नांगीत धरतात, सोडत नाहीत, आणि त्याला घेऊन लघवीवाटे बाहेर पडतात."

"म्हणजे माझ्या रक्तात खेकडे फिरणार?" ढब्याने विचारलं.

"पाच दिवस."

"आणि ते सगळे बाहेर येतात ना? एखादा मागे राहिला तर?"

पोट धरून पडलेला माणूस हे विचारतोय म्हटल्यावर डॉक्टरीणबाईही हसल्या. चोवीस तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये जमवायची असे. ढब्या तो कॅन खिडकीशी धरून बघायचा, तळाशी काही चमकतंय का. काही दिसेना तेव्हा हिरमुसला. "एवढ्या मेहनतीचं किती निघालं?" त्याने विचारलं. चिमूटभर मिठाहूनही कमी, असं उत्तर आलं.

जाताना डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, खेकडे रक्तातलं शिसं धरतात. पण वर्षानुवर्षं जे साचलंय ते हाडांत आहे, आणि रक्त रिकामं झालं की हाडं त्यात पुन्हा ओततात. म्हणून आकडा उतरला तरी परत चढेल. दुसरी, माणूस शिशातच उभा असेल तर हे औषध देऊ नका. खेकडे बाहेर जातात ते मूत्रपिंडांतून, आणि दर खेपेला ती सोलवटतात. आधी माणूस शिशातून बाहेर काढायचा, मग शिसं माणसातून.

ताईने मान डोलावली. तिला ते पटलंही होतं. पण ढब्या बरा होऊन कढईवर गेला आणि दीड वर्षात आकडा अठ्ठेचाळीसवर आला. पुढची खेप पन्नासच्या वर जाणार हे उघड होतं.

"पॅकिंगला बसवतील मला," ढब्या तेव्हा म्हणाला होता. "खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. ताई, तुझ्याकडे ती इस्पितळाची चिठ्ठी आहे ना औषधाची? एकदाच सोड खेकडे. एकदाच."

ताईने चिठ्ठी काढली. औषधाच्या दुकानदाराने तारीख पाहिली नाही आणि ताईने दाखवली नाही. भावजयीने खिडकीच्या पडद्याच्या दांड्याला बाटली टांगली. तीन दिवसांची सुट्टी जोडून आली होती, तेवढ्यात तीन सलाइन झाली. पाचव्या दिवशी ताईने स्वतःच्या हाताने कारखान्यात त्याचं रक्त काढलं. सव्वीस. पुढच्या खेपेला तेच, चोवीस. डॉक्टर खूश. या माणसाच्या अंगाला शिसं टिकतच नाही असं ठरलं आणि ढब्याला मोठ्या कढईवर बढती मिळाली. घरात थट्टेचा विषय झाला. भावजय फोनवर विचारायची, "ताई, या सुट्टीत खेकडे सोडायचे का?"

ताई यात खोटं एक अक्षर बोलली नव्हती. कुणी काही विचारलंच नव्हतं.

मामा पट्ट्या बांधलेले हात सांभाळत उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "त्या एक्झॉस्टच्या पंख्याचंही मी बोललो होतो हो ऑफिसात. वर्षभर नुसता घरघरतोय, धूर काही ओढत नाही. पण साहेबांनी कागद दाखवला. ज्याचं तोंड थेट कढईवर, त्याचाच आकडा चोवीस, मग हवा वाईट कशी? बरोबरच आहे म्हणा. तेव्हा हातच असणार."

ते गेल्यावर ताईने कापसाचे लाल बोळे गोळा केले. मग तिने नोंदवही उघडली. ढब्याच्या नावापुढे तिच्याच अक्षरात सव्वीस. चोवीस. सुबक, ठळक, खाडाखोड नाही. ते आकडे तिने सांगितले नव्हते, लिहिले होते. आणि ते दोन आकडे ऑफिसात जाऊन तिच्या वतीने बोलत होते. पंखा ठीक आहे म्हणत होते. मामांचे हात घाण आहेत म्हणत होते.

शनिवारी सुट्टी लागली. ताई ढब्याच्या घरी पोचली तेव्हा सगळी तयारी झालेली होती. पडद्याच्या दांड्याला हूक अडकवलेला, पलंगावर उशांचा उतार, खाली कॅन. भावजय हसून म्हणाली, "या ताई. खेकडेवाल्या बाई आल्या हो!"

ताईच्या हातात पिशवी नव्हती. भावजयीचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"औषध मिळालं नाही?" ढब्याने विचारलं.

"आणलंच नाही. चहा दे आधी."

चहा त्यानेच ओतला, घरात ओतायचं काम त्याचंच असायचं. पण आज त्याने किटली डाव्या हाताने उचलली. डावखुरा नसलेला माणूस डाव्या हाताने ओततो तेव्हा धार जशी चाचरते तशी ती चाचरली, आणि बशीत चहा सांडला. ज्याच्या हातातून बारा वर्षांत शिशाचा थेंब सांडला नव्हता त्या माणसाने चहा सांडला.

"उजवा हात पुढे कर," ताई म्हणाली.

"कशाला?"

"कर म्हणते ना. असा, सरळ. आता पंजा वर उचल, समोरच्याला थांब म्हणतो तसा."

ढब्याने डावा पंजा उचलला. उजवा मनगटापासून खाली लोंबत राहिला. तो हसला. "झोपेत अंगाखाली दबला गं. मुंग्या आल्यात."

"किती दिवस झोपलायस?"

"ताई, उगाच इस्पितळ करू नकोस घराचं."

तेवढ्यात भावजय म्हणाली, "तीन आठवडे झाले."

"तू गप्प बस."

"का गप्प बसू? रोज सकाळी शर्टाची बटणं मी लावते ह्यांची. कामावर म्हणे पळी दोन्ही हातांनी धरतात, आणि कुणी बघितलं तर म्हणतात मोठी कढई आहे, जड जाते. मला वाटलं, खेकडे सोडले की हात येईल ताळ्यावर. म्हणून मीच आठवण करत होते ताईंना." ती ताईकडे वळली. "येईल ना?"

"येईल," ताई म्हणाली, "पण असा नाही. कढई सुटली, मोठ्या इस्पितळात गेला, तर येईल. घरी बाटली लावून, परवा पुन्हा धुरात उभा राहून नाही येणार. ढब्या, खेकड्यांनी तीन दिवसांत बाहेर नेलं ते तू महिन्याभरात पुन्हा आत घेतोस. त्यांनी नुसतं आकड्याला गोरं केलं, तुला नाही. आणि जाता-येता ते तुझी मूत्रपिंडं ओरबाडतात. हे मला माहीत होतं. मला सांगितलेलं होतं. तरी मी सुई टोचली, तीही दोन वेळा."

"मग तिसऱ्यांदा टोचायला काय झालं?"

ताईने मामांच्या हातांचं सांगितलं. ब्रशाचं, बादलीचं, पंख्याचं. भावजयीने तोंडावर पदर धरला.

"मामाला मी सांगितलं होतं का हात घास म्हणून?" ढब्या म्हणाला.

"नाही. मी सांगितलं. माझ्या वहीने."

"बुधवारी माझं रक्त साठ येईल. सत्तर येईल. कळतंय का तुला? मला हटवतील तिथून. मला दुसरं काय येतं?"

"कळतंय."

"तू माझी बहीण की कंपनीची?"

ढब्या उठून उभा राहिला.

"मोठी खोटं न बोलणारी! रोज पहाटे शब्द देते म्हणे. मग गेल्या वेळी डॉक्टरला काय सांगितलंस?"

"काही नाही."

"झालं तर. या वेळीही काही सांगू नकोस. तुझा नेमही मोडणार नाही आणि माझी कढईही सुटणार नाही."

तो रागाने बोलला होता, पण बोलून झाल्यावर आपण कुठे मारलं हे त्याचं त्यालाच कळलं. ताईचा चेहरा बघून तो खाली बसला. ताईने चहाचा कप, बशीत सांडलेल्यासकट, शांतपणे संपवला, मोरीवर जाऊन धुतला आणि पालथा घातला.

"बुधवारी रक्त काढणार आहे," ती दारात चपला घालताना म्हणाली. "सगळ्यांचं, जसं असेल तसं. आणि त्याआधी डॉक्टरांना मागच्या दोन खेपांचं सांगणार आहे. तू आलास तर बरं. नाही आलास तरी सांगणार आहे."

रविवार, सोमवार, मंगळवार ढब्याचा फोन आला नाही. ताई तिन्ही दिवस पहाटे प्रार्थनेला बसली. पण शेवटचा शब्द ओठावर आला की अडखळायची. हा शब्द आपण इतकी वर्षं नक्की कोणाला देत होतो, असं तिला वाटायचं. शब्द देणारा आणि पळवाट काढणारा एकाच आसनावर बसत होते. सोमवारी तर ती शब्द न देताच उठली, सतरा वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी सकाळी डॉक्टर आले. ते आठवड्यातून एकदाच यायचे, माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. दवाखान्याबाहेर ओतशाळेची रांग लागली. ढब्या रांगेत नव्हता. तिसऱ्या नंबरवर मामा. पट्ट्या सोडून आले होते, डॉक्टरांना हात दिसावेत म्हणून.

"अरे वा, घासलेत की चांगले!" डॉक्टर म्हणाले. "आता बघू आकडा काय म्हणतो. नाहीतर त्या ढब्याची शिकवणी लावा, मामा."

रांगेत एकदोघे हसले. मामाही ओशाळून हसले. ताईने मामांच्या दंडाला रबरी पट्टी बांधली होती. ती तिने सोडली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "ढब्याचे मागचे दोन आकडे खरे नाहीत."

"म्हणजे? नमुने बदलले?"

"नाही. रक्त त्याचंच. पण दोन्ही वेळा पाच दिवस आधी मी त्याला घरी औषध दिलं होतं, शिसं उतरवायचं. सलाइनमधून. म्हणून आकडा खाली आला. औषध नसतं तर तो पन्नासच्या वरच असता."

खोलीतला डोळे धुवायचा नळ ठिबकत होता तो सगळ्यांना ऐकू आला. डॉक्टरांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला.

"सिस्टर, काय बोलताय कळतंय ना? नोकरीचं सोडा, नर्स म्हणून नाव राहायचं नाही तुमचं. हे बघा, मी ऐकलं नाही असं समजा. त्याला कढईवरून काढू आज. कारण काहीतरी लिहू. मागचं उकरायला नको."

"मागचं उकरलं नाही तर पंखा दुरुस्त होणार नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, समोरच्याने कान जरा पुढे करावा इतका हळू. "त्या आकड्यांवर कागद बनलाय ऑफिसात. शेडमध्ये अजून अकरा माणसं आहेत."

तिने नोंदवही पुढे ओढली आणि सव्वीसच्या शेजारी लिहिलं, चोवीसच्या शेजारी लिहिलं: औषध दिल्यानंतर घेतलेला नमुना. खाली सही केली. पूर्ण नावाची, नेहमीची आखूड नव्हे. डॉक्टर ते वाचून खुर्चीत मागे टेकले, जणू आत्ता त्यांना बसायला वेळ मिळाला.

दार पुरतं लागलेलं नव्हतं. ते उघडलं आणि ढब्या आत आला. किती वेळ बाहेर उभा होता कोण जाणे. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. खुर्चीवर बसला, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. पंजा टेबलाच्या कडेवरून खाली लोंबला. रांगेतली माणसं दारातून बघत होती.

"या हाताचं काढ," तो ताईला म्हणाला. "बघू देत सगळ्यांना."

ताईने सुई टोचली. त्या एका नमुन्याच्या नळीवर नाव लिहिताना अक्षर वाकडं आलं.

मामा पुढे झाले. त्यांनी ढब्याचं लोंबतं मनगट आपल्या सोललेल्या हातात धरलं, वर केलं, सोडलं. ते परत पडलं.

"घड्याळ बंद पडलं की रे," ते म्हणाले.

"मामा, मला..." ढब्या म्हणू लागला.

"थांब. तुझं नंतर." मामा ताईकडे वळले. त्यांनी दोन्ही तळवे उताणे करून तिच्यासमोर धरले, वर्गात मास्तरांना दाखवतात तसे. "सिस्टर, म्हणजे माझे हात..."

"स्वच्छ होते, मामा. पहिल्यापासून स्वच्छ होते."

मामांनी तळवे हळूच मिटले. मग मान हलवून म्हणाले, "बायकोला सांगावं लागेल. तीन महिने वेगळं ताट दिलंय तिने मला." आणि ढब्याच्या पाठीत एक चापट मारली. चापट प्रेमाची म्हणावी तर जरा जोरातच होती. "मेल्या, खेकडे का काय ते पाळलेस आणि मला एक शब्द नाही!"

आठवड्याने आकडे आले. ढब्याचा एकाहत्तर, मामांचा त्रेपन्न. आणखी चौघे पन्नासच्या वर. मोठी कढई थंड करून पंखा खाली उतरवला तेव्हा त्याच्या नळकांड्यात हाताएवढा राखाडी थर निघाला. ताईला पत्र मिळालं: चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. तिने कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे दिली, कापसाचा साठा मोजून दिला आणि घरी आली. पुढे काय होणार होतं ते तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती प्रार्थनेला बसली आणि उठताना शब्द दिला. या वेळी त्यात सहा अक्षरं जास्त होती: न विचारताही.

मोठ्या इस्पितळात ढब्या आणि मामा यांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. मामांच्या आकड्याला खरं तर फक्त कढईपासून दूर राहणं पुरलं असतं, पण पोटातली कळ आणि अशक्तपणा यांमुळे डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही ठेवून घेतलं. ताई दुपारी डबा घेऊन गेली तेव्हा ढब्याच्या दंडात सलाइन होतं आणि खाटेखाली कॅन. डॉक्टरीणबाईंनी ताईला पाहिलं आणि म्हणाल्या, "मूत्रपिंडं वाचली आहेत. थोडक्यात." त्यातच सगळं आलं. ताईने मान खाली घातली.

"किती बाटल्या लागतील हो पुरतं साफ व्हायला?" ढब्याने विचारलं.

"रक्ताचं महिन्या-दोन महिन्यांत बघू. हाडांतलं हाडांच्या वेळेने निघेल. वीस वर्षं, तीस वर्षं. थोडं थोडं सोडत राहतील ती. तुम्ही नवं घालू नका म्हणजे झालं."

"म्हणजे बारा वर्षं ओतलं ते सगळं साच्यातच गेलं नाही," ढब्या म्हणाला. "थोडं मीही झालो साचा."

"बस झालं कीर्तन," शेजारच्या खाटेवरून मामा म्हणाले. "पाणी दे इकडे."

दोन्ही खाटांच्या मधल्या स्टुलावर ग्लास होता. मामांच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. ताई उठणार तोच ढब्याने डोळ्यांनी तिला थांबवलं. त्याने डाव्या हाताने ग्लास उचलला आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, उजवा हात त्याच्याखाली आधाराला नेला. पंजा लोंबतच होता. ढब्याचं सगळं लक्ष त्या मनगटावर होतं, कढईवर उभा असताना असायचं तसंच. कपाळावर घाम आला. पंजा बोटभर वर आला, काठाला लागला, आणि तिथे थांबला.

ग्लास मामांपर्यंत पोचला. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"सांडलंस," मामा म्हणाले.

"हो," ढब्या म्हणाला. "सांडलं."